सातवी अपेक्षा

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, पण साधासुधा नव्हे. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, काचेच्या कुलूपबंद पेटीत मी नऊ वर्षांपासून टाचलेला आहे. माझ्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'तांत्रिक लेखन : विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. खाली ओळीने सात अपेक्षा, त्याखाली विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का. शिक्का जरा तिरका उमटलाय, पण तेवढं चालायचंच.

तांत्रिक लेखन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हा विषय शिकणाऱ्या मुलांनाही ते नीटसं ठाऊक नसतं. पाण्याची मोटर कशी चालू करावी, मिक्सर अडकला तर काय करावं, हे असं लिहायचं की वाचणाऱ्याला शेजारी विचारायला जावं लागू नये. ऐकायला सोपं वाटतं. लिहायला बसलं की घाम फुटतो.

माझा जन्म उज्ज्वला मॅडमच्या टेबलावर झाला. बाई मोठ्या हौशी. त्यांनी दोन रविवार माझ्यावर घालवले. पहिल्या खर्ड्यात सातवी अपेक्षा अशी होती : 'पुस्तिका लिहून झाली की ती वापरणाऱ्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. तो कुठे कुठे अडतो ते लिहून ठेवा.' खर्डा विभागप्रमुखांकडे गेला. ते म्हणाले, "मॅडम, हे काय घरी बोलल्यासारखं! जरा वजनदार लिहा." मॅडमचा चेहरा उतरला, पण त्यांनी शब्द बदलले. शेवटी माझ्या अंगावर आलं ते असं : 'विद्यार्थ्यांनी पुस्तिकेची उपयोगिता-पडताळणी प्रत्यक्ष वापरकर्त्याकडून करून घ्यावी व पडताळणी यशस्वी झाल्याचे वापरकर्त्याच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र सोबत जोडावे.'

खोटं कशाला बोलू, तेव्हा मी खूश झालो होतो. उपयोगिता-पडताळणी! नुसता उच्चार केला तरी छाती फुगावी असा शब्द. पहिल्या खर्ड्याची मला लाजच वाटली. तो चुरगळून टोपलीत गेला तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही.

मुलं खोड्या करतात, कागद फाडतात, म्हणून मला काचेच्या पेटीत ठेवलं आणि बारकू शिपायाने बाहेरून कुलूप घातलं. पहिली काही वर्षं मानाची गेली. नवी तुकडी आली की मॅडम मुलांना माझ्यापुढे उभं करायच्या आणि एकेक अपेक्षा वाचायच्या. सातवीपाशी आल्या की मात्र माझ्याकडे पाठ करून स्वतःच्या शब्दांत सांगायच्या. माझ्यावरून जे उडालं होतं ते त्यांच्या तोंडी शिल्लक होतं. मुलं मग खरंच पंचवटीतल्या भाजीवाल्यांकडे, गिरणीवाल्यांकडे पुस्तिका घेऊन जायची आणि तोंड पाडून परत यायची. मॅडम म्हणायच्या, "अडलं ना? छान झालं. आता खरं लिहायला लाग." एकदा तपासणीला बाहेरून मंडळी आली. त्यांतल्या एका साहेबांनी चष्मा वर करून मला वाचलं आणि म्हणाले, "असं पत्रक प्रत्येक विभागात पाहिजे." मी वर्षभर तेवढ्या वाक्यावर जगलो.

पुढे मॅडमची बदली झाली. बारकू निवृत्त झाला आणि त्याच्या जुडग्यातली माझी किल्ली कोणती, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून मी आतच आहे. उन्हाने माझे काठ पिवळे पडले, टाचण्या गंजल्या, एका पावसाळ्यात पेटीत ओल शिरून माझा खालचा कोपरा फुगला. एक फुलपाखरू फटीतून आत आलं, त्यालाही बाहेर जाता आलं नाही. ते माझ्या पायाशी वाळून पडलंय. समोरून रोज शे-दोनशे मुलं जातात. काचेपुढे थांबतातही, पण केस विंचरायला. मुलांनो, माझ्याकडे बघत तुम्ही भांग पाडता ना, तेव्हा मला वाटतं की आता वाचतील, आता वाचतील. तुम्ही कंगवा खिशात घालून निघून जाता.

सगळ्यात वाईट दिवस सबमिशनचा. त्या दिवशी लॅबमध्ये परीक्षा असतात, म्हणून सरांचं टेबल व्हरांड्यात, माझ्या अगदी खाली लागतं. आता हा विषय शिकवणारे गांगुर्डे सर अजून तिशीचे नाहीत. तासांवर नेमणूक, दर वर्षी ऑर्डर नवी, म्हणून माणूस कायम धास्तावलेला. ते माझा फोटो काढून मुलांना मोबाईलवर पाठवतात. मुलं तो उघडतात की नाही, देव जाणे. त्यांना एवढंच कळलेलं असतं की फाईलला कुणाच्या तरी सहीचा एक कागद लागतो. मग सकाळपासून सगळे माझ्यासमोर फरशीवर बसतात आणि एकमेकांच्या कागदांवर सह्या ठोकतात. "तू माझा वापरकर्ता, मी तुझा वापरकर्ता." ज्याने वेल्डिंगचं यंत्र लांबूनही पाहिलेलं नाही तो लिहून देतो की पुस्तिका वाचून मी यंत्र यशस्वीरीत्या चालवले. ओम नावाच्या एका मुलाने यंदा नऊ जणांसाठी सही केली, तीही चहा पीत पीत. हा रिवाज इतका मुरलाय की यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. मी वरून सगळं बघतो. मला ओरडता येत नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये त्या टेबलापुढे सुवर्णा आली. हरसूलकडची मुलगी, अभ्यासात बरी, बोलायला कमी. तिच्याबरोबर तिची आई ठमाबाई होती. ती नाशिकला पंपाचा रबरी वायसर घ्यायला आली होती, तो मिळाला होता, आणि आता सहाच्या हरसूल गाडीची वाट बघत ती माझ्यासमोरच्या बाकावर पिशवी मांडीवर धरून बसली. घड्याळात चार वाजले होते. फायली पाचला बंद होणार होत्या.

सरांनी सुवर्णाची फाईल चाळली. शेवटच्या कागदावर त्यांची बोटं थांबली.

"हे काय लिहिलंस? 'तीन ठिकाणी अडल्या. तिसऱ्या ठिकाणी पाणी तोंडावर उडाले.' हे प्रमाणपत्र आहे की तक्रार?"

"सर, आईला पुस्तिका वाचून पंप चालवायला लावला. झालं ते लिहिलं."

त्यांच्या गावातल्या बचतगटाने बॅटरीवरचा फवारणी पंप घेतला होता. बरोबरचं माहितीपत्रक इंग्रजी आणि चिनी. म्हणून सुवर्णाने त्याची मराठी पुस्तिका लिहायला घेतली. रविवारी टाकीत नुसतं पाणी भरून ती आईच्या हातात दिली आणि स्वतः तोंडावर हात ठेवून बसली. आईने एकेक ओळ वाचत सगळं केलं. पुस्तिकेत 'कळ दाबा' आधी होतं आणि 'दांडीचा खटका बंद आहे का ते पाहा' त्याच्यानंतर. ठमाबाईने लिहिल्याप्रमाणे आधी कळ दाबली. फवारा सरळ डोळ्यांवर बसला, पंप हातातून पडला आणि वायसर फाटला.

"मग तू दुरुस्त केलंस ना?"

"केलं सर. ओळी बदलल्या. पण पंप बंद पडलाय, त्यामुळे आता बरोबर चालतं का ते पाहिलेलं नाही. आज वायसर बसवला की उद्या पाहीन."

"उद्या कोण घेणार फाईल? अगं, दुरुस्त केलंस, विषय संपला. लिही 'यशस्वी', आईंची सही घे आणि पाचच्या आत आण. नाहीतर डिटेन होशील. सातपूरच्या कंपनीत शिकाऊ म्हणून घेतायत ना तुला जूनपासून? ते जाईल."

सुवर्णाने कोरा कागद घेतला आणि आईशेजारी येऊन बसली. मला तिचं पेन दिसत होतं. टोपण निघालं, परत बसलं. ओम म्हणाला, "सुवर्णा, मी करतो ना सही! दोन मिनिटांचं काम. तू पण कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" साडेचार झाले. खरं लिहिलं तर वर्ष जाणार, खोटं लिहिलं तर तीच न तपासलेली पुस्तिका उद्या गटातल्या बायका वाचणार, आणि तेव्हा टाकीत पाणी नसणार.

ठमाबाईने विचारलं, "काय गं बाय? काय म्हनत्यात सर?"

"तुला सगळं जमलं असं लिहून दे म्हणतात."

"पन नाय ना जमलं! माझं डोळं बघ, आजून लाल हायेत. उद्या गटातली ती नवसाबाई आवषिद घालून कळ दाबंल, मंग?" मग तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "तुजं वरीस जानार आसंल तर दे लिवून. मी करीन सही. नवसाबाईला मी तोंडानं सांगंन." तिने पेनासाठी हात पुढे केला.

तो हात बघून सुवर्णा उठली आणि परत टेबलाशी गेली. "सर, मी खोटं नाही लिहिणार. पण असं 'यशस्वी'च पाहिजे, हे कुठे म्हटलंय?"

गांगुर्डे सरांनी मान वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. "मी माझ्या मनाचं सांगतोय का? बघ. वाच सातवी. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मी मनात म्हणत होतो, शाब्बास पोरी, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला मानलं. आणि आता ती माझ्यापुढे उभी राहून मला मोठ्याने वाचत होती. "पडताळणी यशस्वी झाल्याचे..." तो शब्द माझाच होता. सरांचा नव्हता, ओमचा नव्हता. अडलं तर काय करायचं, हे माझ्यावर कुठे लिहिलेलंच नव्हतं. खरं बोलणाऱ्या मुलीला मी जागाच ठेवली नव्हती. ज्या वाक्यासाठी मी छाती फुगवली होती, त्यानेच मी तिला कोंडलं होतं. मला त्या टाचण्यांतून सुटून खाली पडावंसं वाटलं. पण कुलूप होतं, आणि कुलूप नसतं तरी मी काय करणार होतो?

सुवर्णाने वाचन संपवलं. मग ती अगदी साधेपणाने म्हणाली, "सर, हे पत्रक लावायच्या आधी कुणाला देऊन बघितलं होतं का? त्याला कळतंय का, तो कुठे अडतोय?"

ओमचा चहाचा कप हातातच राहिला. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा एका शिक्षकाने मला सातवीपर्यंत मनातल्या मनात पूर्ण वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. मध्येच ते अडले आणि परत मागे गेले.

मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि ते लिहू लागले. लिहून झाल्यावर उठून बाकाशी गेले.

"मावशी, हे जरा वाचता का? मोठ्याने."

चौथी शिकलेल्या ठमाबाईने कागद लांब धरला आणि बोट ठेवत वाचलं. "पुस्तिका वा-पर-कर्-त्या-च्या हातात द्या..." ती थांबली. "ह्यो कोन?"

"वापरकर्ता म्हणजे तुम्ही, मावशी. जो यंत्र चालवतो तो."

"मंग तसं लिवा की!"

सरांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'जो यंत्र चालवणार त्याच्या हातात'. ठमाबाई पुढे वाचत गेली. तुम्ही गप्प बसा. तो कुठे अडला ते लिहा. तुम्ही ते दुरुस्त केलंत का, ते लिहा. आणखी एका ठिकाणी ती अडली, तेही सरांनी खोडलं. पाचला दहा मिनिटं बाकी असताना त्यांनी सुवर्णाचा 'तीन ठिकाणी अडल्या'वाला कागद होता तसा फाईलमध्ये लावला आणि खाली सही केली. वर काय उत्तर देतील ते त्यांचं त्यांना माहीत. बाकीच्या फायलींचा गठ्ठा उचलून ते स्टाफरूमकडे गेले. त्या फायलींचं पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही, स्टाफरूम माझ्या नजरेच्या टप्प्यात नाही. एवढंच ऐकू आलं की ओम कुणालातरी विचारत होता, "म्हणजे आता खरंच गिरणीत जावं लागणार का?" मायलेकी सहाच्या गाडीसाठी घाईने जिना उतरल्या.

जाण्याआधी सरांनी तो खाडाखोड केलेला कागद चिकटपट्टीने काचेवर लावला. बरोबर माझ्या तोंडावर. पेटी उघडतच नाही, तर दुसरं करणार काय?

तेव्हापासून मला व्हरांडा दिसत नाही. मुलं दिसत नाहीत, त्यांचे भांगही नाहीत. समोर त्या कागदाची पाठ आहे आणि मागे भिंत. पण मुलं आता थांबतात, वाचतात, हे मला ऐकू येतं. काही ओठ हलवत वाचतात. कुणी विचारतं, कुणी सांगतं. पुढच्या वर्षी कुणी त्यालाही वजनदार करायला निघालं, तर त्यांना अडवा, एवढं माझ्यासाठी करा.

मित्रांनो, मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. मी आता बाहेर येऊन करणार तरी काय? पण तुम्ही मोठे व्हाल, कुणी औषधाच्या बाटलीवर लिहाल, कुणी दवाखान्याच्या भिंतीवर, कुणी यंत्राच्या अंगावर. ते चिकटवण्याआधी एका माणसाच्या हातात द्या. तो अडला तर त्याला हसू नका, आपलं वाक्य तपासा. चांगल्या कागदाची निगा म्हणजे त्याला काच लावणं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या अंगावर सही आहे, शिक्का आहे, पण एकाही बोटाचा डाग नाही. नऊ वर्षांत मी एकदाही कुणाच्या हातात गेलो नाही.