भिंतीपलीकडची गाडी

जालन्याहून निघालेली अँब्युलन्स वडीगोद्रीत शिरली आणि नेमकी तातेरावच्या दारात येऊन थांबली. ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "काका, धर्मराज गुरुजींचं घर कोणतं?"

तातेराव तेव्हा पाईप हातात धरून स्वतःची अँब्युलन्स धूत होता. त्यानं शेजारच्या भिंतीकडं बोट दाखवलं आणि तो तसाच उभा राहिला. पाणी नुसतं वाहत होतं. ओट्यावर गहू निवडत बसलेल्या त्याच्या बायकोनं, कौसल्येनं, हे सगळं ऐकलं. सूप बाजूला टाकून ती शेजारी धावली.

आत बेबीनंदा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गुरुजींचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

"अगं, हाक का न्हाई मारली मला?"

"सूरज म्हनला, आई, तू हलू नको, म्या हितून गाडी बुक केली, पाच मिन्टात येऊन राह्यली. त्याला तास झाला."

सूरज त्यांचा एकुलता एक, पुण्याला कंपनीत नोकरीला. घरातला गॅस संपला तरी बेबीनंदा आधी त्यालाच फोन लावायची, मग आज तर काय. त्यानं सरकारी गाडीला फोन केला, ती एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. मग त्यानं मोबाइलमध्ये शोधलं. सगळ्यात वर नाव आलं, 'वडीगोद्री अँब्युलन्स, तुमच्या अगदी जवळ, पाच मिनिटांत हजर'. त्यानं ते दाबलं. वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलं होतं, म्हणजे ती जागा पैसे भरून घेतलेली. पण बाप जमिनीवर पडलेला असताना तेवढं बारीक कोण वाचत बसतो? फोन उचलणारी कंपनी कुठल्या तरी लांबच्या शहरातली. वडीगोद्री अंबडच्या अलीकडं की पलीकडं, हेही तिला माहीत नव्हतं. तिच्या हाताशी जालन्याची गाडी होती, तिनं ती धाडली. तातेरावचं नावही त्याच पानावर होतं, पण पार तळाला. आणि सूरजला तर काकांनी गाडी घेतल्याचाच पत्ता नव्हता. त्याच्या लेखी तातेराव अजून एमआयडीसीत टेम्पो चालवत होता.

गुरुजी वाचले, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. गावात कुठलीही सभा असो, शेवटचं भाषण त्यांचं असायचं, आणि ते कधीच वेळेत संपायचं नाही. तो माणूस आता पाणी मागायला ताट वाजवू लागला. जरा आधी आणायला पाहिजे होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. ते ऐकून बेबीनंदानं दवाखान्याच्या पायरीवर कौसल्येचे दोन्ही हात धरले.

"सूरजला सांगू नको, तुमची गाडी दारात व्हती म्हनून. खचून जाईन पोरगं."

कौसल्येनं शब्द दिला. दुसरं करणार तरी काय? पुढं सूरज बापाला घेऊन घरी आला, भिंतीपलीकडं उभी असलेली गाडी बघून त्यानं आईला विचारलं, काकांनी कधी घेतली? आत्ताच, मागच्या आठवड्यात, असं बेबीनंदानं ठोकून दिलं.

तातेराव मात्र स्वस्थ बसला नाही. अंबडला जाहिराती लावून देणाऱ्या माणसाला गाठून त्यानंही पैसे भरले. दोन दिवस त्याचं नाव सगळ्यात वर झळकलं, आणि तो चहाच्या टपरीवर ज्याला-त्याला मोबाइल दाखवत सुटला. तिसऱ्या दिवशी कंपनीनं त्या वरच्या जागेची बोली वाढवली आणि तातेराव पुन्हा तळाला. त्यानं वाढवली, त्यांनी आणखी वाढवली. त्यांच्यासाठी तो चिल्लर खेळ होता. तातेरावनं हात टेकले. वर त्याच कंपनीतून गोड आवाजात फोन आला, आमच्यात या, पेशंट आम्ही देऊ, तुम्ही फक्त गाडी चालवा, आमचा हिस्सा कापून बाकी तुमचा.

"हो म्हनून टाकतो," तातेराव जेवताना म्हणाला. "गाडी नुसती उभी ठिवून काय करायचं?"

"आपल्या गल्लीतला मानूस आपल्यालाच कोनी तिसऱ्यानं इकायचा का?" कौसल्या म्हणाली. "बिलकुल न्हाई. पोटाला चिमटा घिऊ, पन त्यांच्या दावणीला न्हाई जायचं."

"मंग करायचं काय?"

 सकाळी भाकरी उरकताना कौसल्येच्या डोक्यात आलं की फोनमध्ये शोधणारं गावात कुणी नसतंच. शोधतात ती पुण्या-मुंबईला गेलेली पोरं. म्हाताऱ्यांना काही झालं की आधी फोन जातो त्यांना, आणि ती तिकडून बोट फिरवतात. मग त्यांनाच गाठायचं. पदर खोचून ती बाहेर पडली. दारोदार जाऊन म्हणायची, "लावा पोराला फोन. आत्ता लावा, माझ्या म्होरं." आणि फोन लागला की स्वतः बोलायची, नंबर द्यायची, जपून ठेवा म्हणायची.

लोक हसले. पोरं तिकडून "हो मावशी, हो मावशी" म्हणायची आणि फोन ठेवायची. गावातून मुंबईला गेलेल्या तृप्तीला तिनं आठवड्यानं पुन्हा फोन केला, तर तिच्याकडं नंबरच नाही. "अहो मावशी, लागला तर शोधता येतो की," तृप्ती म्हणाली. कौसल्येला असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. शोधून काय मिळालं ते शेजारच्या खाटेवर पडलंय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण शब्द दिलेला.

दोन दिवस ती धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी तडक बेबीनंदाच्या घरी गेली. सूरज रजेवर आला होता, बापाला पेज भरवत होता.  त्याला बघून परत फिरावं, असं तिला एकदा वाटलं. पण ती फिरली नाही.

"बेबे, म्या तुला शबुद दिल्ता. तो मला पाळता येईना."

बेबीनंदाच्या लक्षात आलं. "कौसल्या, नको!"

"आज ह्याच्या बापावर आली. उद्या कोनाच्या बापावर यील? गप बसून म्या ते बघू?" मग ती सूरजकडं वळली. "सूरज, आमची गाडी उन्हाळ्यातच घेतल्ती. त्या दिशी ती ह्या भिंतीच्या पल्याड उभी व्हती. तुझे काका धूत व्हते तिला. तुला माहीत नव्हतं रे बाबा. तुझा गुन्हा न्हाई."

सूरजनं चमचा वाटीत ठेवला. त्यानं आईकडं बघितलं. आई तोंडात पदर कोंबून रडत होती. गुरुजींनी डोळे मिटून घेतले, पण डावा हात पोराच्या गुडघ्यावर ठेवला. सूरज त्या हातावर कपाळ टेकून हमसून हमसून रडला, आणि कौसल्या उंबऱ्यातच उभी राहिली. आपण चांगलं केलं की वाईट, हे तिला त्या वेळी तरी सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं तो उठला, तोंड धुऊन आला. "पुण्यातल्या आपल्या गावच्या पोरांचा ग्रुप आहे, मावशी," तो म्हणाला. "मुंबईचा पण आहे." ग्रुपवर आवाजातला निरोप टाकायला त्यानं फोन तोंडाजवळ धरला.

"मी सूरज. धर्मराज गुरुजींचा. माझ्या बाबांना त्या दिवशी गाडी पाहिजे होती, मी मोबाइलमध्ये सगळ्यात वरचं नाव दाबलं. ती गाडी जालन्याहून आली. खरी गाडी आमच्या भिंतीपलीकडं उभी होती. तातेरावकाकांची. त्यांचा नंबर..." इथं तो अडखळला. कौसल्या एकेक आकडा सांगत गेली, आणि तो तिच्या मागोमाग म्हणत गेला. शेवटच्या आकड्याला त्याचा आवाज फाटला.

"थांबा मावशी, पुन्हा करतो. आवाज बराबर नाही आला."

"आला," कौसल्या म्हणाली. "पाठव."