चाकाखालची अंडी

माळावरच्या राखणदाराचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. संरक्षित कुरणात रस्ता सोडून गाडी घातली तर गाडी जप्त आणि तुरुंगवास, असा सरळ कायदा. तरी एका जीपवाल्याने टिटव्यांच्या विणीच्या जागेत खुशाल गाडी गरागरा फिरवली आणि वर हसत म्हणाला, "काका, गवतच तर आहे!"

गवत! राखणदाराने तिथल्या तिथे किल्ली काढून घेतली. मग रागाच्या भरात, पंचनाम्याआधीच, चाकाखाली फुटलेली तीन अंडी उचलून आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवली. पंच येईपर्यंत कशाला हात लावू नका, असं नव्या भरतीला वीस वर्षं बजावणारा हाच माणूस.

कचेरीत साहेबांनी तो डबा पेनाच्या टोकाने दूर सारला. जीपवाला त्यांचा सख्खा मेहुणा. तो शेजारच्या खुर्चीत पाय पसरून चहा पीत होता.

"पुरावा तुम्हीच हलवलात," साहेब गोड आवाजात म्हणाले. "आता केस टिकायची नाही. विनापरवाना प्रवेश म्हणून किरकोळ दंड लावू. खरं तर अंडी उचलणं हाही गुन्हाच आहे, पण मी डोळेझाक करतो. सही करा."

चोर तो चोर, वर शिरजोर! राखणदाराची कानशिलं तापली.

"डोळेझाक कशाला, साहेब? माझ्यावर गुन्हा दाखल करा."

"वेड लागलंय का? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या."

"कबुलीजबाब देतो ना." त्याने कोरा कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला. "सदर अंडी मी जीपच्या डाव्या मागच्या चाकाजवळून उचलली. ती त्याच चाकाखाली फुटली होती. जीपचा नंबर पुढीलप्रमाणे. चालक गाडीतच होता. त्याचं नाव साक्षीदार म्हणून देत आहे."

मेहुण्याचा कप बशीत आदळला.

"तो कागद इकडे द्या," साहेब गुरकावले.

"देतो की. आधी आवकचा शिक्का मारून आणतो," म्हणत तो बाहेर पडलासुद्धा. कारकुनाने शिक्का मारला, नोंद केली. आता तो कागद गिळणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

राखणदाराच्या निलंबनाचा हुकूम तासाभरात निघाला. जीप जप्त व्हायला नऊ दिवस लागले.

"अंडी चिरडली त्याने आणि शिक्षा आधी तुम्हाला?" बायको कडाडली.

"मी कबूल केलंय," तो म्हणाला. "त्याचं अजून सिद्ध व्हायचंय."