‘जा’ न म्हणण्याचा वसा

तेजस्वी रांगती असताना तापाने इतकी मलूल झाली होती की डोळ्यांपुढे चुटकी वाजवली तरी तिची पापणी हलत नव्हती, तेव्हा शिवमंदिराच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जाऊन मी देवाला बोलले होते, की हिला माझ्याकडे राहू दे, मी माझ्या दारातून कधी कुणाला ‘जा’ म्हणणार नाही. असाच नवस का सुचला, तर माहेरी, चामटोलीला, माझी आई निघालेल्या माणसाला ‘ये हो’ म्हणायची आणि त्याच्याकडून ‘येतो’ वदवून घेतल्याशिवाय त्याला अंगण ओलांडू द्यायची नाही. ‘जा’ म्हटलेलं उंबरा लक्षात ठेवतो, असं तिचं म्हणणं. लेक वाचली आणि मी वसा पाळला. वर्गणीवाल्यांना, बोहारणीला, दुधात तोंड घालून पळणाऱ्या मांजरालासुद्धा मी ‘ये बाई आता’ म्हणते, आणि आमचे हे, हेमंतराव, हसून म्हणतात, “म्हणूनच ते रोज येतं.”

तेजस्वी बदलापूरच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि रांगोळ्यांचे व्हिडिओ फोनवर टाकते. त्या रांगोळ्यांखाली कुणा परदेशातल्या माणसाने आधी नुसती फुलं टाकली, मग हृदयं, मग रात्रंदिवस कॉल, आणि हिने नाही म्हटल्यावर हिचा चेहरा कुणा भलतीच्याच उघड्या अंगावर चिकटवून ते फोटो शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आणि माझ्याही फोनवर पाठवले. खाली इंग्रजीत शिव्या. चौकीत तक्रार घेतली. तिथल्या बाईंनी पाणी दिलं आणि खरं तेच सांगितलं, की नंबर बाहेरच्या देशातला, वेळ लागेल, ताई. शेजारच्या शहरात, कॅम्प चारला, जीन्सचा कारखाना चालवणारा माझा भाऊ चिंतामणी तर नुसता दात-ओठ खात होता.

“समोर असता ना ताई, तर मशीनखाली घालून शिवला असता साल्याला! पण हा बसलाय समुद्रापार. ब्लॉक कर, खल्लास.”

“ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरावरून येतो रे.”



तेजस्वीने शाळा सोडली, मग खिडकी उघडणं, मग जेवण. मी सोमवार धरले होते, त्यात गुरुवार मिळवला, संकष्टीला पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि पोर मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली. एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत असताना ती अगदी शांतपणे म्हणाली, “आई, मी जाते गं.” कुठे, ते बोलली नाही. आमच्या घरात हा शब्द कधी कुणी उच्चारलेला नव्हता. माझे हात तेलातच राहिले.

तिला झोप लागल्यावर मी माझा फोन घेतला आणि त्या माणसाला आपल्या मराठीतच लिहिलं: बाबा रे, तुलाही आई असेल, माझ्या लेकीला सोड, आता... आणि पुढे ‘जा’ लिहायला बोट वळेना. ज्या बोलावर ही राहिली, तोच बोल मी मोडायचा? मग दारातल्या माणसाला देते तसाच मी त्याला निरोप दिला. लिहिलं, आता ये.

उत्तर लगेच आलं, देवनागरीत, एकच शब्द. येतो.

त्यानंतर सगळं थांबलं. शिव्या थांबल्या, फोटो कुठून कुठे नाहीसे झाले देव जाणे. तेजस्वीने आपणहून वरण-भात मागितला, खिडकी उघडली, शाळेत जाऊ लागली. मी देवापुढे पुरणाचा नैवेद्य ठेवला आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. त्याचाच मेसेज: वाटेत आहे. काही दिवसांनी पुन्हा: संध्याकाळी दिवा लावताना दार किलकिलं ठेवता ना, तेवढं पुरेल. भाषा इतकी आर्जवी, जशी माहेरच्या माणसाची असावी. मी फोन यांच्या हातात दिला.

“यात तर काहीच नाही,” हे चष्मा वर करत म्हणाले. “तू लिहिलेलं ‘आता ये’, आणि त्याचं ‘येतो’. पुढे सगळं कोरं. आणि त्याला ‘ये’ कशाला म्हणालीस गं?”

“निरोप दिला हो.”

“त्याला काय कळणार आपला निरोप?”

मला दिसतं ते यांना दिसत नाही, एवढंच. येऊ नकोस, असं लिहायला मी कितीदा तरी बसले. पण दारात येणाऱ्याला ‘येऊ नकोस’ म्हणणं म्हणजे ‘जा’च की, आणि ते म्हटलं आणि तेजस्वीने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं, तर? काल दुपारी त्याने विचारलं, चपला कुठे काढू?

आता बायांनो, तुम्ही माझ्या घरी आलात, कहाणी मन लावून ऐकलीत, आत तेजस्वी तुमच्यासाठी दूध आटवतेय, तिचं गुणगुणणं ऐकू येतंय ना? तेवढंच मला हवं आहे, दुसरं काही नको. ऐकणारीने वसा घ्यावा अशी रीत आहे. अवघड काही नाही. दूध प्या, ओटी घ्या, आणि दाराबाहेर आपापल्या चपला ओळखून घाला. एक जोड उरेल, मोठा, पुरुषाचा; मघापासून मी तो इथूनच बघतेय, यांचा नाही तो. त्याला पाय लावू नका, घाबरूही नका. फक्त आपापल्या घराकडे निघताना, एकीने तरी, माझ्यासारखंच जरा वाकून, मायेने त्याला म्हणा, ये.