पांढऱ्या टोकांचा कुरव

दादा आमच्या पक्षी मंडळाचा अध्यक्ष, आणि मी त्याची धाकटी बहीण, म्हणजे दुर्बिणीचा स्टँड वाहणारी. अकरा हिवाळे वाहते आहे. मंडळाची एक जाडजूड वही आहे. दुर्मीळ पक्षी दिसला की तो प्रथम कोणी पाहिला त्याचं नाव पहिल्या ओळीत, खाली वर्णन, आणि तळाशी एका साक्षीदाराने स्वतः काय पाहिलं ते लिहून सही करायची. पहिल्या ओळीत माझं नाव तोवर एकदाही आलेलं नव्हतं. मला ते हवं होतं. उगाच साधूपणाचा आव कशाला आणू?

त्या सकाळी धक्क्यावर बोचरा वारा होता. मासळीच्या रिकाम्या पेट्यांजवळ दोनेकशे कुरव, म्हणजे सीगल, अंग फुगवून बसले होते. त्यांत एक मला फिकट दिसला. आमच्याकडच्या साध्या कुरवाच्या पंखांची टोकं काळी असतात. याची पांढरी होती. तसे कुरव पार उत्तरेकडे असतात, आमच्या वहीत एकही नाही.

"दादा, तिसऱ्या पेटीमागे बघ. पांढऱ्या टोकांचा!"

"उन्हाने विटलेला असेल," दुर्बिणीला डोळासुद्धा न लावता तो म्हणाला. "तू आधी सगळ्यांना चहा ओत."

आणि मी ओतला! अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. शेवटचा कप भरून वळले, तर दादा दुर्बिणीवर वाकलेला आणि सगळी मंडळी त्याच्याभोवती. "बघा, बघा, पांढरी टोकं!" खजिनदार तर आनंदाने त्याच्या गळ्यातच पडले.

"तो मी दाखवला," मी म्हणाले.

"अगं, आपण घरचेच. तुझं काय नि माझं काय!"

आयत्या बिळावर नागोबा! माझं ते आपलं, त्याचं ते त्याचंच, हे लहानपणापासून चालत आलं आहे. गाडीच्या बॉनेटवर वही उघडून त्याने पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलंसुद्धा. सगळे वहीवर वाकले. दुर्बिणीपाशी मी एकटीच उरले.

तेवढ्यात तो कुरव उडाला. पंख पूर्ण उघडले आणि मला दिसलं. पिसांच्या बाहेर राहणाऱ्या कडा तेवढ्या उन्हाने विटल्या होत्या. घडीत झाकलेला भाग काळाच होता. साधा कुरव. दादाने न बघता ठोकून दिलेलं खरं निघालं, याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला.

"ये, साक्षीदाराची सही कर," दादाने हाक मारली. "तेवढा मान तुझा."

मी पेन हातात घेतलं. नुसती सही केली असती तर खोटा पक्षी त्याच्या नावावर कायमचा राहिला असता. खरं लिहिलं तर पक्षीच जात होता, आणि कोणी काहीही म्हणो, तो माझा होता. तरी लिहिलं, 'उडताना पाहिला. पिसांचा झाकलेला भाग काळा. साधा कुरव, विटलेला.' खाली सही केली.

दादाने ते वाचलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग माझ्या हातातून पेन ओढून त्याने पहिल्या ओळीतलं आपलं नाव खोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी आधीच सांगत होतो, विटलेला असेल म्हणून. पण ही ऐकेल तर ना! हिनेच दाखवला."

आणि त्या ओळीत त्याने ठळक अक्षरांत माझं नाव लिहिलं.