इन्शिराहच्या हातची सुई

मशिदीच्या भोंग्यावर माझं नाव आलं तेव्हा मी अंगणात खजुरीच्या झावळीचे दांडे तासत बसलो होतो. मी त्याचे क्रेट बनवतो, संत्री-टोमॅटो भरायला. आमच्या गावात मयत बाईचं नाव भोंग्यावर घेत नाहीत. "मेतवल्लीची बायको, रिदाची आई, अल्लाच्या घरी गेली," एवढंच सांगितलं. गावात मेतवल्ली मी एकटाच. तरी मी हातातला दांडा पूर्ण तासला आणि बाजूला ठेवला.

त्याच सकाळी मी मन्सूरा शहरातल्या हॉस्पिटलमधून तिचे धुतलेले कपडे न्यायला घरी आलो होतो. मला फोन करायचा धीर कुणाला झाला नाही. मेव्हण्यानं सरळ इमामांना फोन केला.

आठवड्यात तिला दोनदा रक्ताची उलटी झाली होती. डॉक्टर म्हणाले, यकृत दगडासारखं झालंय, काविळीचा विषाणू तीस वर्षं आत बसून होता. आमच्याकडे यकृत गेलं की लोक म्हणायचे कालव्याचं पाणी बाधलं, नाहीतर काळजी लागली होती. मीही तेच म्हणत आलो होतो.

दहाव्या दिवशी डॉक्टर नर्मीन घरी आल्या. सोबत शाळेतले बहगत मास्तर. त्या वर्षी गावातलं यकृताचं हे सातवं मरण. मास्तरांनी गावकऱ्यांची समिती केली होती आणि युवक केंद्राच्या खोलीत तपासणी चालू केली होती. बोटातून रक्त घ्यायचं, चिठ्ठीवर नाव नाही, फक्त नंबर. निघालं तर तीन महिने गोळ्या, सरकारकडून. डॉक्टर गावात अजून महिनाभरच होत्या, मग पुढच्या गावाला जाणार होत्या.

"काका, पूर्वी या गल्लीत सुया कोण टोचायचं?" डॉक्टरांनी विचारलं. "एकाच सिरिंजनं अनेकांना टोचलं असेल तर त्या सगळ्यांना तपासायला हवं."

"उस्ता शेहाता," मी म्हणालो. "न्हावी होता. मरून वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही."

माझी मुलगी रावया चहा घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ट्रे खाली ठेवला.

गल्लीत सुया माझी बायको इन्शिराह टोचायची. लग्नाआधी ती दवाखान्यात झाडू मारायची, तिथं बघून बघून शिकली. आमच्या घरात साबणाच्या पत्र्याच्या डब्यात एक काचेची सिरिंज होती. सकाळी स्टोव्हवर पाणी ठेवून ती उकळायची. मग दिवसभर जो येईल त्याला. प्रत्येकाला सुई मात्र वेगळी लावायची. त्यात ती फार कडक होती. "रक्त सुईला लागतं, काचेला कुठं लागतं?" असं म्हणायची, आणि आम्हाला सगळ्यांना ते पटायचं. काच वरून कोलनवॉटरनं पुसली की स्वच्छच दिसायची. बाळंतिणी, तापाची पोरं, कंबरदुखीच्या म्हाताऱ्या, सगळे आमच्याच दारात. तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्यावर डबा माळ्यावर गेला.

चार आठवड्यांनी बहगत मास्तर एकटेच आले. उभ्या उभ्याच बोलले.

"मेतवल्ली, सगळ्या गावातून माणसं आली. तुझ्या गल्लीतून एकही नाही."

"का?"

"शेहाताकडून सुई घेतलेल्यांनी या असं आम्ही सांगितलं, तर म्हणतात, आम्ही शेहाताकडे कधी गेलोच नाही. आमच्याकडे रिदाची आई होती, तिचा हात स्वच्छ होता. डॉक्टर गुरुवारी जाणार." मास्तर थांबले. "तुला काही सांगायचंय का?"

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेजारची अतियात मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं घेऊन आली. इन्शिराह गेल्यापासून दोन दिवसांआड काहीतरी आणून द्यायची. तिच्या पायात नवऱ्याच्या चपला होत्या.

"हमूदाच्या चपला का गं?"

"माझ्या होत नाहीत आता. पाय बघ, ब्रेडच्या लाद्या झाल्यात," ती हसली. "म्हातारपण. तू नको हसू, तुझंही पोट सुटलंय."

हसताना तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला. इन्शिराहचे डोळे असेच दिसायला लागले होते तेव्हा मी म्हणालो होतो, ऊन लागलं असेल. अतियातच्या पहिल्या बाळंतपणात ताप उतरेना, तेव्हा इन्शिराह सलग चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ तिला सुई द्यायला जायची. मी स्वतः डबा हातात घेऊन तिच्यामागून चालायचो.

मंगळवारी इन्शिराहचा चाळीसावा दिवस होता. सकाळी रावयाला म्हणालो, आज सांगणार आहे.

"काय सांगणार? आईनं लोकांना मारलं म्हणून?"

"तिनं कुणाला मारलं नाही."

"मग गप्प बसा, बाबा. लोक तिच्यासाठी दुवा मागायला येतायत. मेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं. आणि तुम्ही आधी शेहाताचं नाव घेतलंत, आता आईचं घेणार? कुणाला तोंड दाखवाल?"

"अतियातचे पाय बघितलेस?"

ती पीठ मळत होती. हात थांबले नाहीत. "तुम्ही बोललात तर मी तुमच्याशी बोलणार नाही," ती म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर गल्लीत खुर्च्या मांडल्या. पुरुष बाहेर, बायका आत, दार उघडं. कारी साहेबांनी कुराण वाचलं. बिनसाखरेची कॉफी फिरली. वाचन मधे थांबलं तेव्हा मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "शेहाताचा काही संबंध नाही. या गल्लीत सगळ्यांना सुया माझ्या घरच्या सिरिंजनं दिल्या गेल्या. ती सिरिंज दिवसातून एकदाच उकळली जायची. रिदाच्या आईला माहीत नव्हतं. तुम्हाला नव्हतं, मलाही नव्हतं. ती त्याच रोगानं गेली. तुम्ही तपासून घ्या. डॉक्टर परवा जातायत."

मग हमूदा उठला, अतियातचा नवरा. त्याचा कॉफीचा कप खाली पडून फुटला.

"म्हणजे तुझ्या बायकोनं माझ्या बायकोला..."

"हो."

"आणि महिनाभर तुला माहीत होतं?"

"हो."

तो माझ्याकडे आला. कारी साहेबांनी मधे हात घातला. मागून कुणीतरी म्हणालं, "चाळीसाव्याला असं बोलतात का? लाज वाटू दे." दुसरा म्हणाला, "आपल्या मेलेल्या बाईची अब्रू भर गल्लीत काढली." हमूदानं माझ्या गळ्याजवळचा झब्बा धरला. मी हात वर केले नाहीत.

"सोड त्याला!" अतियात दारात आली होती, बायकांमधून वाट काढत. "तुला चौदा दिवस कधी उठता आलं होतं का माझ्यासाठी? ती उठली होती. सोड."

"तुला कळतंय का तो काय म्हणतोय?"

"मला सगळं कळतंय. मला खाज येते रात्रभर, मला कळत नाही होय? चल, चपला दे तुझ्या. कुठंय ते केंद्र?"

ती एकटीच निघाली. हमूदानं माझा झब्बा सोडला आणि तिच्यामागे गेला. मीही गेलो. मास्तर पुढे पळाले, डॉक्टरांना खोली बंद करू नका म्हणून सांगायला.

मी आधी बोट पुढे केलं, सगळ्यांच्या समोर. मला काही निघालं नाही. सुईला मी घाबरायचो, इन्शिराह हसायची आणि सोडून द्यायची. नंबराची चिठ्ठी हातात घेऊन मी भिंतीपाशी उभा होतो आणि मला ती फाडून टाकावीशी वाटत होती.

त्या संध्याकाळी गल्लीतली नऊ माणसं आली. बुधवारी बावीस. गुरुवारी डॉक्टरांनी एक दिवस वाढवला. निम्म्याहून जास्त लोकांना निघालं. बहुतेकांच्या गोळ्या आता संपत आल्या आहेत. अतियातचं यकृत खूप खराब झालंय. विषाणू जाईल, पण बाकीचं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. मुलुखिया ती आता पाठवत नाही. हमूदा समोरून आला की मान वळवतो. काही लोक इन्शिराहचं नाव घेताना आवाज खाली करतात, काही मुद्दाम माझ्यासमोर घेतात.

माझा मुलगा रिदा दुबईत आहे. फोनवर सांगितल्यावर त्यानं तिथं तपासून घेतलं. त्याला नाही.

रावया माझ्याशी बोलत नाही. जेवण झाकून ठेवते आणि तिच्या घरी जाते. लहान असताना ती फार आजारी पडायची. इन्शिराहनं तिला दर हिवाळ्यात सुया दिल्या, त्याच सिरिंजनं, बहुधा गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त. मास्तर दोनदा तिच्याकडे जाऊन आले, डॉक्टर एकदा. मी दारापर्यंत गेलो होतो, तिनं उघडलं नाही.

तिची तपासणी अजून झालेली नाही.