झिजलेली स्लाइड

आमच्या भिंगरीला झोपवायचं काम माझ्या सासऱ्यांच्या मोटरसायकलकडे होतं. भिंगरी म्हणजे माझी लेक. खरं नाव वेगळं आहे, ते शाळेत घालू तेव्हा उपयोगाला येईल. सध्या ती रांगते, आणि रांगते म्हणजे काय, पापणी लवली की आपण तिला ठेवलं तिथे ती नसतेच.

मोटरसायकल सासऱ्यांच्या लग्नाच्याही आधीची. सासूबाई तिला सवत म्हणतात आणि आपण ते गमतीने घ्यायचं असतं. सासरे, म्हणजे बाबा, सकाळी मित्राच्या दुकानात गप्पा मारायला जातात आणि दुपारी जेवायला घरी येतात. आले की गाडी फाटकाबाहेर, शेपूट रस्त्याकडे करून उभी करतात, म्हणजे धूर घरात येत नाही. पण लगेच बंद करत नाहीत. लांबून आलेल्या माणसाला दारातच काम सांगू नये, तसं इंजिनालाही जरा दम खाऊ द्यावा, असं त्यांचं म्हणणं.

दम खाताना गाडी कधीच एका लयीत चालत नसे. धब, धब, धब करत यायची, मग एखादा ठोका गिळायची, गिळला म्हणून ओशाळून दोन ठोके घाईघाईने जास्तीचे द्यायची आणि पुन्हा पहिल्यासारखी. मधल्या खोलीतल्या कपाटाची काच त्या तालावर किणकिणायची. भिंगरी माझ्या खांद्यावर मान टाकायची, तिची बोटं माझ्या गळ्याशी सैल पडायची, आणि तिसऱ्या-चौथ्या गिळलेल्या ठोक्याला ती झोपलेली असायची. सासूबाई म्हणायच्या, पोर दुधावर कमी आणि पेट्रोलवर जास्त वाढतेय.

ती झोप माझा रोजगार होता. मी घरी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे साचे पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवते. मेण मऊ करायला स्पिरिटचा दिवा लागतो, कोरायला धारदार सुरी लागते. रांगतं मूल जागं असताना यातलं काहीही टेबलावर काढायची माझी छाती नाही. डॉक्टर सज्जन आहेत, बाळंतपणात त्यांनी माझं काम राखून ठेवलं. पण दात नसलेलं तोंड किती दिवस थांबणार? मला जमलं नसतं तर त्यांना दुसरं कुणी बघावं लागलं असतं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मला जास्त कळत होतं.

आता जी गाडी दारात ठोका गिळते, ती चौकात बंदही पडते. प्रत्येक सिग्नलला किक मारून बाबांचा उजवा गुडघा सुजू लागला. रात्री सासूबाई तेल चोळता चोळता त्यांना आणि सवतीला एकाच वाक्यात फैलावर घेत. शेवटी बाबा गाडी थेंब्यांकडे घेऊन गेले. थेंबे हे काही त्यांचं आडनाव नाही. पेट्रोल थेंबाथेंबाने मोजणारा मेकॅनिक म्हणून पडलेलं नाव, पण आता त्यांच्या घरचेही तेच म्हणतात.

थेंब्यांनी डोळे मिटून, लोक गाणं ऐकतात तसं इंजिन ऐकलं आणि स्लाइड झिजल्याचं सांगितलं. स्लाइड म्हणजे कार्ब्युरेटरच्या पोटात वरखाली सरकणारा पितळी पेला, अंगठ्यावर टोपीसारखा बसेल एवढा. मूठ पिळली की तो वर जातो आणि हवेला वाट देतो. आमचा पेला एका अंगाने झिजला होता आणि त्या फटीतून हवा चोरून आत शिरत होती. नवा बसवला की झालं. फक्त नवा कुठून आणायचा हे थेंब्यांनाही माहीत नव्हतं. ती गाडी बनवणारे कारखान्याला कुलूप लावून कधीच आपापल्या घरी गेले होते.

नमुना दाखवल्याशिवाय दुकानदार उभं करत नाही. पण पेला खिशात घालून बाबा हिंडले असते तर गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणजे भिंगरी जागी. मी म्हटलं, द्या इकडे. एका दुपारी, गाडीचा दम खाऊन झाल्यावर, मी त्या पेल्याचं माप घेतलं, जबड्याचं घेते तसंच. मऊ मसाल्यात दोन बाजूंनी दाबून साचा केला, साच्यात प्लास्टर ओतलं. झीज, कडेची तिरपी खाच, अंगावरचा एक लांब ओरखडा, सगळं जसंच्या तसं उतरलं. संध्याकाळी पितळी पेला गाडीत आणि पांढरा पेला बाबांच्या रुमालात.

तो रुमाल घेऊन बाबांनी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी सगळी गल्ली पालथी घातली. कुणी म्हणे जवळपासचा देतो, घासून बसवा. कुणी फोनवर छातीठोकपणे हो म्हणाला आणि पाकिटातून पाण्याच्या पंपाचा पेला निघाला. एका दुकानदाराने प्लास्टर उलटसुलट करून विचारलं, हा कोणत्या जनावराचा दात. बाबा घरी येऊन हे सगळं जेवताना रंगवून सांगत, आणि मला वाटतं त्यांना पेला सापडण्यापेक्षा शोधण्यातच जास्त मजा येत होती.

सापडला तो बटणांच्या दुकानात. तिथल्या काकू रिळं, हुक, चेन आणि बटणं विकतात. त्यांचे यजमान याच गाड्या दुरुस्त करायचे. ते गेल्यावर काकूंनी त्यांचे सुटे भागही बटणांच्याच खणांत लावून टाकले, प्रत्येक खणावर एकेक नमुना शिवलेला. बाबांनी प्लास्टर पुढे ठेवलं, काकूंनी मोत्याच्या बटणांखालचा खण ओढला, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली कोरी स्लाइड समोर आली. काकूंचा नियम एकच, जुना द्या आणि नवा न्या. जुने भाग त्या मागच्या भिंतीला दोरीत ओवून ठेवतात. त्यांच्यावरून माप घेऊन लेथवाला नवे बनवून देतो, नाहीतर त्यांचे खण केव्हाच रिकामे झाले असते.

थेंब्यांनी नवी स्लाइड बसवली, बाबांनी जुनी काकूंना नेऊन दिली. गाडी अशी चालू लागली की थेंबे स्वतःच दुकानातल्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. एका किकेत सुरू, चौकातही बंद पडत नाही. बाबांच्या गुडघ्याची सूज उतरली. सासूबाईंनी तेलाची बाटली आत ठेवली आणि सवतीबद्दल पहिल्यांदा एक बरा शब्द काढला.

आणि भिंगरी झोपेना.

दुपारी गाडी दारात आली, धब धब धब धब, रेशमासारखी. भिंगरीने खांद्यावरून मान उचलली आणि फाटकाकडे पाहिलं, ओळखीच्या घरात कुणी भलत्यानेच दार उघडावं तसं. कपाटाची काच गप्प होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नवऱ्याने फोनवर गाडीचा जुना आवाज होता तो लावून पाहिला, तर तिला फोनच हवा झाला. बाबांनी स्क्रू पिळून गाडी मुद्दाम बिघडवून पाहिली. ठोके चुकले, पण ते दुसऱ्याच कुणाचे चुकणारे ठोके होते. ती फसली नाही. माझ्या टेबलावर एका आजींचा वरचा जबडा दातांवाचून तसाच पडून होता आणि डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. सहज केला होता म्हणाले.

मला आश्चर्य वाटलं नाही. मागे एका आजोबांची कवळी माझ्याकडे परत आली होती. दात अगदी सरळ बसले होते, तीच तक्रार. पूर्वीच्या दातांत फट होती, त्यांची शीळ तिथूनच निघायची. मी फट करून दिली.

बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. तरी एका दुपारी ते पानावरून उठता उठता म्हणाले, "जुनीच आणू परत. गुडघ्याचं काय, दुसराही आहे."

"बरा झालेला गुडघा मोडायला निघाले," सासूबाई म्हणाल्या. "नातीचं नाव पुढे, आणि लाड सवतीचे."

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, की दोन्ही ठेवता येत नाहीत का, तुझ्या त्या शीळवाल्या आजोबांकडे दोन कवळ्या असतीलच की, एक जेवायची आणि एक शिट्टीची. त्यांनी ते चेष्टेने म्हटलं होतं. बाबांनी आणि मी मात्र ते खरंच धरलं.

बाबा, मी आणि भिंगरी बसने बटणांच्या दुकानात गेलो. मी पर्समध्ये साचा घेतला होता, बाबांच्या रुमालात प्लास्टर होतंच. काकूंना आधी कळेचना. लोक नवं मागायला येतात, स्वतःचं जुनं मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. त्यांनी दोरी खाली काढली. तीवर आमच्यासारखे पितळी पेले मण्यांसारखे ओवलेले होते, सगळे मळके, सगळे झिजलेले, आणि आमचा कुठला ते त्यांनाही सांगता येईना. त्यातले काही लेथवाल्याकडे गेलेही होते. बाबांचा चेहरा उतरला.

भिंगरीला त्यांच्या मांडीवर देऊन मी काउंटरवर साचा उघडला आणि एकेक पेला त्यात ठेवून पाहू लागले. हिरडीला कवळी लागते की नाही हे डोळ्यांना कळायच्या आधी बोटांना कळतं. एक डुगडुगला. एक आत जाईना. एकाचा ओरखडा आखूड होता. दोरी संपत आली तसे बाबा भिंगरीला उगाचच थोपटू लागले. मग एक पेला खाली सरकला, ओरखडा ओरखड्यात बसला, आणि मी साचा उलटा धरला तरी तो पडला नाही.

"आपला," मी म्हटलं.

बाबांनी तो हातात घेतला, सदऱ्याला पुसला आणि भिंगरीला दाखवला. तिने तो तोंडात घालायला हात पुढे केला.

पण नियम तो नियम. काकूंच्या दोरीतून एक काढला तर एक घालायला हवा, आणि आमच्याकडे द्यायला दुसरा जुना नव्हता. बाबा घुटमळले. काकूंची नजर काउंटरवरच्या रुमालाकडे गेली.

"तो पांढरा द्या ना," त्या म्हणाल्या. "मला माप पाहिजे, पितळ घेऊन काय करू?"

तर आता पितळी पेल्यांच्या मध्ये आमचं प्लास्टर लटकतंय. मी त्यावर पातळ लाखेचा हात देऊन आले, ओल लागू नये म्हणून.

थेंब्यांनी मात्र साफ नकार दिला. नवी स्लाइड काढून जुनी बसवायची, ही ऐकायचीसुद्धा गोष्ट नव्हती. मी गाड्या बऱ्या करतो, आजारी पाडत नाही, असं त्यांनी बाबांना सुनावलं. मग बराच वेळ पाना पुसत राहिले आणि शेवटी म्हणाले की हात तुमचे, तुम्ही काय वाटेल ते करा, मी बघणार नाही. आणि खरंच पाठ फिरवून उभे राहिले. भिंतीकडे तोंड करून त्यांनी बाबांना झाकण कसं सोडवायचं, स्प्रिंग कशी दाबायची, तार कशी अडकवायची ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मध्येच, न वळता, "उलटी धरलीत," असंही म्हणाले. ती उलटीच होती.

आता बाबा दुपारी येतात, गाडी थोडी निवू देतात आणि बाहेरची स्लाइड काढून घरची बसवतात. घरची स्लाइड स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला असते, सासूबाईंनी तिला चहाच्या गाळणीशेजारी जागा दिली आहे. बाहेरचे कपडे बदलल्याशिवाय नातीला घ्यायचं नाही हा त्यांचा नियम सवतीलाही लागू झाला, एवढंच. जेवण झालं की पुन्हा अदलाबदल. बाबांची बोटं काळी असतात आणि ते खूश असतात.

आत्ताच ते किक मारून जेवायला आत आले. धब, धब, धब. एक गिळला. दोन घाईने आले. काच किणकिणली, आणि माझ्या गळ्याशी पाच बोटं सैल पडली. तिला निजवून मी टेबलापाशी आले आहे. बाहेर गाडी अजून दम खाते आहे. मी दिवा लावला, मेण मऊ झालं, आणि आजींचा पहिला दात बसवला.