शेवट पहिल्या खंडात

आमच्या बाइंडिंगच्या दुकानात काकांचा नियम आहे: जाड पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दीचा कागद डकवायचा. आणि रद्दी म्हणजे मुखपृष्ठावर घोडा असलेलं काहीही. त्यामुळे कोर्टाच्या लायब्ररीचे बारा खंड ओळीने बांधताना मी एक काउबॉय कादंबरी शेवटच्या पानापासून फाडत आणली होती. पहिले सहा खंड काल पोचवले, उरलेले न्यायला आज पाचला लायब्ररीच्या बाई येणार होत्या.

बाराव्याचा गोंद वाळेपर्यंत उरलेली पानं चाळली. हसायला म्हणून.

म्हातारा शेरीफ स्वतःच्या जावयाला फाशी द्यायला वाळवंटातून नेतोय. घोडा एकच आणि त्यावर जावई. फाशीला जातानाही मान जावयाचाच. नव्वद पानांत एक गोळी सुटत नाही, आणि माझ्या हातातला ब्रश गोंदासकट दगड झाला. नवव्या दिवशी जावई म्हणतो, "खून कोणी केला, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

शेरीफ थांबतो. पान संपतं. पुढचं बाराव्या खंडाच्या पाठीत.

"काय रे, भूत बघितलंस?" काका म्हणाले.

"काका, खून कोणी केला?"

"कसला खून? पाचला बाई येतायत. कामाला लाग."

मी पानं त्यांच्या हातात कोंबली. काका उभ्याने वाचू लागले, मग प्रेसवर बसले. चौतीस वर्षांत बांधलेलं पुस्तक कधी न उसवलेला माणूस म्हणाला, "कटर आण."

"काका, कोर्टाचं काम जाईल."

"किटलीही आण. गोंद वाफेवर सुटतो."

पाचला लायब्ररीच्या बाई आल्या तेव्हा टेबलावर सहा खंड पाठी उघड्या टाकून पडले होते.

"हे काय केलंत? काम गेलं समजा तुमचं!"

"समजलो," काका म्हणाले. "आधी ही पानं वाचा, मग ओरडा."

ओरडायला जोर यावा म्हणून असेल, त्या वाचायला बसल्या. पर्स खांद्यावरून घसरली, ती त्यांना कळलीही नाही. सातव्या खंडातलं शेवटचं पान आलं. शेरीफ बेड्या सोडतो, पिस्तूल जावयाला देतो आणि म्हणतो, "घरी जा. तिला काही बोलू नकोस."

बाईंचा चेहरा पांढराफटक. "म्हणजे... मुलीने?"

"माहीत नाही हो," काका रडवेले झाले.

"पुढचं कुठाय?"

"तुमच्याकडेच," मी म्हणालो. "खंड एक ते सहा."

बाईंनी जमिनीवरून पर्स उचलली, लायब्ररीच्या किल्ल्या काढल्या आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "किटली आहे आमच्याकडे. कटर घ्या."